कुठं दुखतंय?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा वानरं बोलत असत आणि माणसं मनातलं मनात ठेवून गप्प बसत. वानरांनी बोलणं पुढं कधीतरी सोडून दिलं. माणसांचं काय झालं, ते तुमचं तुम्ही बघा.

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाला शेती म्हणावी अशी नव्हती; कातळावर काय पिकणार? गाव जगत होतं मधावर. कड्याच्या पोटात, जिथं पाखरूसुद्धा दोनदा विचार करून बसेल अशा जागी, आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लागायची. रानाचा फुलोरा सरला की ती मधानं जड व्हायची. मग गावातले गडी दोर घेऊन कड्यावर जायचे.

एकजण दोराला लोंबकळत खाली उतरायचा. दुसरा वर आंजनाच्या जुन्या झाडापाशी उभा राहून दोर सोडायचा. दोराचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला असायचा, म्हणून निम्मा भार झाड घ्यायचं आणि निम्मा माणूस. पण दोर कधी सोडायचा आणि कधी थांबवायचा, हे झाडाला काय कळणार? ते धरणाऱ्याच्या तळहाताला कळायचं. माश्या उठतील म्हणून ओरडायची बंदी होती. खालून एक हिसका आला तर सोडायचं, दोन आले तर थांबायचं, तीन आले तर वर ओढायचं. कड्याच्या धारेवर घासत घासत तो हिसका वर पोचायचा तेव्हा मुंगी चावावी इतकाच उरलेला असायचा. तेवढा हाताला कळला पाहिजे, नाहीतर खालचा माणूस गेला. दोराचं शेवटचं टोक झाडाला बांधलेलं असायचं खरं, पण सुटलेला माणूस टोकापर्यंत पोचला तर बसणारा हिसका कुठलाच दोर सोसत नसे. कड्याच्या धारेवर तो तुटायचाच.

आता हा दोर धरायचा कुणी? सख्ख्या भावानं नाही, जिवलग मित्रानंही नाही. बायकोच्या भावानं. ही रीत घालून देणारा म्हातारा कोण होता कुणास ठाऊक, पण माणसं ओळखून होता. माणूस पडला तर त्याच्या भावाला वाटणीत घर मिळतं. बायकोच्या भावाला मिळते ती विधवा बहीण. तेव्हा दोर कोण घट्ट धरील, याचा हिशेब म्हाताऱ्यानं चोख केला होता.

त्याच म्हाताऱ्यानं आणखी एक रीत घातली होती. उतरण्याआधी दोघांनी झाडाखाली समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांना विचारायचं, "कुठं दुखतंय?" ज्याचं जे दुखत असेल ते त्यानं सांगायचं. धरणाऱ्याचं दुखत असेल तर दोर त्याच्या चुलत किंवा मावस भावाच्या हातात जायचा. त्याला कुणी हसायचं नाही.

रीत चांगली होती. आणि चांगल्या रीतीचं माणसं जे करतात, तेच या गावानं केलं. विचारायचं ठेवलं, सांगायचं सोडून दिलं. कुणीही काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुठंच न्हाई." हे उत्तर जितक्या झटक्यात येईल तितका तो गडी खंबीर. कुणी चुकून सांगितलंच की पाठीत उसण भरली आहे, तर पाणवठ्यावर वर्षभर त्याच्या चालण्याच्या नकला व्हायच्या.

या गावात खेमा नावाचा दोर धरणारा होता. त्याच्यासारखा दुसरा नव्हता, असं गाव म्हणायचं, आणि खेमाही मनातून तेच म्हणायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तो चितेपाशी ताठ उभा राहिला होता. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "छाती असावी तर अशी," असं लोक म्हणाले. खेमाला तेव्हा घशात आवंढा अडकला होता, तो पुढं कितीतरी दिवस गिळता आला नाही. पण कौतुक झालं, म्हणून त्यानं तो तसाच ठेवला. गावाची शाबासकी ही मोठी महागडी वस्तू आहे बाबांनो. एकदा घेतली की जन्मभर फेडावी लागते.

खेमाला पाठची बहीण एक, साळू. ती गावातच दिलेली होती. तिचा नवरा लखू मूळचा घाटाखालच्या वाडीचा, हसऱ्या तोंडाचा. तो पोळी काढायला उतरायचा आणि खेमा त्याचा दोर धरायचा. साळू बिनघोर असायची. शेजारणी विचारायच्या, "तुला भ्या न्हाई वाटत?" ती म्हणायची, "दादा हाय की दोराला."

एका वर्षी काय झालं, लखूच्या पायाखालचा दगड निसटला. अख्खा माणूस एकदम दोरावर आला. खेमानं पाय रोवले आणि तो हिसका खांद्यावर घेतला. आत काहीतरी फाटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. पण दोर सुटला नाही, लखू वाचला. गावानं खेमाला डोक्यावर घेतलं. पोळ्याचा पहिला तुकडा गावातला सगळ्यात वयस्क आजा ज्याच्या हातावर ठेवायचा, त्याचा वर्षभर मान असायचा. त्या वर्षी तो तुकडा खेमाच्या हातावर आला. तो घेताना हात खांद्यापासून थरथरत होता. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

खांदा काही बरा झाला नाही. पहिल्यांदा दोर ओढताना दुखायचा, मग लाकडं फोडताना, मग नुसता सदरा चढवतानासुद्धा. रात्रीची झोप गेली. खेमा कुणाला बोलला नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोर त्याच्या चुलतभावाच्या, गुणाच्या हातात गेला असता. गुणा मेहनती होता, जपून काम करायचा, आणि खेमा चारचौघांत त्याला 'दोरीवाला' म्हणून चिडवायचा. बादलीची दोरी धरायच्या लायकीचा, असा त्याचा अर्थ. त्या गुणाच्या हातात आपला दोर द्यायचा, या विचारानं खेमाला खांद्यापेक्षा जास्त दुखायचं.

एकदा साळू भावाकडं आली. खेमा विहिरीवरून घागर घेऊन येत होता, डाव्या हातात. तिनं बघितलं. जन्मभर उजव्या खांद्यावर घागर घेणारा माणूस ती डाव्या हातात, वाकडा होऊन आणत होता.

"दादा, खांद्याला काय झालंय?"

"काय न्हाई गं."

"माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांग."

"सांगितलं न्हवं काय न्हाई म्हणून. तू आपली चूल बघ."

साळू उठली. घरी जाताना नवऱ्याला सांगावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. मग वाटलं, माहेरचा एवढा एक मान, आपल्याच तोंडानं कशाला घालवा? तिनंही ते गिळलं. त्या गावात गिळण्याची सवय सगळ्यांनाच होती.

फुलोरा सरत आला. खेमा भ्यायला, कारण आता दोर धरायचे दिवस आले होते. तेव्हा त्याला सुन्नवेलीची आठवण झाली. ही वेल रानात ओढ्याच्या काठानं उगवायची. तिची मुळी चघळली की अंग बधिर व्हायचं. कुणाचं मोडलेलं हाड बसवायचं असलं तर त्याला ती चघळायला देत, आणि मग दिवसभर निजवून ठेवत. मुळी चघळून कामाला कुणी जात नसे.

खेमा रानात जाऊन मुळी उकरायला बसला. जवळच एका दगडावर एक म्हातारा हुप्प्या बसला होता. त्याचा एक हात कोपरापासून वाळून गेला होता. खेमाचं उकरणं तो बराच वेळ बघत राहिला.

"कुणाचं हाड मोडलं?" त्यानं विचारलं.

"कुणाचं न्हाई."

"मग दुखतंय कुणाचं?"

"कुणाचं न्हाई, म्हटलं ना."

"असं. म्हणजे तुझंच," हुप्प्या म्हणाला.

खेमा उकरतच राहिला. हुप्प्या आपल्या वाळलेल्या हाताकडं बघत म्हणाला, "मीही एकदा पडलो. हात गेला. टोळीचा म्होरक्या होतो मी तेव्हा. मोठ्यानं ओरडलो, सगळ्यांना सांगितलं की आता मला लांबची फांदी धरता यायची नाही. दुसऱ्या एका हुप्प्यानं मला हुसकून लावलं. टोळी गेली, मान गेला."

"बघ. म्हणून माणसानं सांगू नये."

"ऐक तर. मान गेला, पण कुठलं पिल्लू माझ्या भरवशावर लांबची उडी मारून खाली पडलं नाही. आजही थंडीत हा हात ठणकतो. ठणकला की मी जवळची फांदी धरतो. तो मला सांगतो आणि मी त्याचं ऐकतो, असं आमचं चाललंय." मग तो मुळीकडं बोट करून म्हणाला, "ही खाऊन दुखणं जात नाही रे. ते तिथंच बसलेलं असतं. तू तेवढा घराबाहेर जातोस."

"वानराची अक्कल वानरापाशी," असं म्हणून खेमा मुळ्या कमरेला खोचून घरी आला. चांगलं सांगणारा भेटला की माणूस पहिल्यांदा त्याची जात काढतो, हे तेव्हाही होतं.

उतरायचा दिवस आला. सकाळी खेमानं मुळी दाढेखाली धरली. थोड्या वेळानं खांद्याची कळ विझली. खेमाला तर नाचावंसं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं हात डोक्याच्या वर नेऊन पाहिला. आपण उगाच भ्यायलो, असं त्याला वाटलं.

आंजनाखाली गाव जमलं. लखू आणि खेमा समोरासमोर उभे राहिले.

"कुठं दुखतंय, मेहुणं?" लखूनं विचारलं.

"कुठंच न्हाई, दाजी," खेमा म्हणाला. उत्तर इतक्या झटक्यात आलं की मागं कुणीतरी वा म्हटलं. मग त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "तुमचं?"

लखू घाटाखालचा. तिकडं विचारलं की लोक सांगायचे. तो म्हणाला, "माझा डावा घोटा जरा धरतोय. पाय टेकायला वेळ लागंल. दोर जपून सोडा."

लोक हसले. खेमाही हसला. साळू हसली नाही. ती भावाच्या हाताकडं बघत होती. हात सरळ होता, थरथरत नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

बाकीची माणसं लांब जाऊन बसली, कारण धरणाऱ्याच्या आसपास कुणी थांबायचं नाही अशी रीत होती. लखू धुराचा पेटता चूड घेऊन धारेपलीकडं उतरला. खेमा दोर सोडू लागला. खांदा दुखत नव्हता. तळहात चुरचुरत नव्हता. ऊन लागत नव्हतं, वारा लागत नव्हता. दोर हातातून जातोय हे खेमाला दिसत होतं, पण जाणवत नव्हतं. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. कारण दुखत नाही याचं सुख त्याला इतकं झालं होतं.

खालून दोन हिसके आले. लखूचा घोटा लचकला होता, त्याला थांबायचं होतं. वरचा हात सोडतच राहिला.

खालून तीन हिसके आले. मग पुन्हा तीन. मग मोजता येणार नाहीत इतके.

खेमाला एवढंच दिसलं की दोर लाल होतोय. त्यानं नवल केलं, दोरावर हे रक्त कुणाचं? ते आपल्या तळहाताचं आहे हे कळायला त्याला वेळ लागला. दोर कातडं सोलून हातातून पळत होता आणि बधिर बोटं तो धरल्यासारखी नुसती वाकलेली होती. त्यानं मूठ आवळली. म्हणजे, आवळावी असं ठरवलं. तेवढ्यात टोक आलं, झाड हादरलं, आणि कड्याच्या धारेवरून दोर तुटल्याचा आवाज झाला.

मग माश्या उठल्या, लोक पळाले, आणि साळू उभी होती तिथंच राहिली.

आता गाव काय म्हणालं असेल? गावानं खेमाचा सोललेला हात बघितला. हाडापर्यंत फाटलेला तळहात, आणि तोंडातून हूं की चूं नाही. गाव म्हणालं, "बघा, हात फाटला तरी दोर सोडला न्हाई गड्यानं. माश्याच उठल्या, त्याला तो काय करणार? लखूचं तेवढंच आयुष्य." आजानं त्या वर्षीही पोळ्याचा पहिला तुकडा खेमालाच दिला. आणि खेमानं तो खाल्ला. त्याला चव लागली नाही, पण त्यानं खाल्ला.

रीतीप्रमाणं साळू भावाच्या घरी राहायला आली. ती रोज हळद कढवून त्याच्या हाताला बांधायची. नवऱ्याला सोडणारा हात ती आपल्याच हातांनी बरा करत होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. खेमाला ठाऊक होतं. म्हणून तो रोज रानात जाऊन मुळी आणायचा. आता ती खांद्यासाठी नव्हती. बहिणीच्या तोंडाकडं बघताना छातीत जे व्हायचं, ते होऊ नये म्हणून होती. मुळीनं तेही थांबलं. साळू चुलीपाशी बसून रडायची, आणि खेमा शेजारी बसून भाकरी खायचा. तिचं रडणं त्याला पलीकडच्या डोंगरावरल्या गुरांच्या घंटांसारखं लांबून ऐकू यायचं.

वर्ष सरत आलं. एक दिवस खेमा ओढ्यावर गेला तर वेल सापडेना. त्यानं काठ पालथा घातला. जागोजाग खड्डे होते, आणि त्यातले निम्मे त्यानं खणलेले नव्हते. दगडावर तोच वाळल्या हाताचा हुप्प्या बसला होता.

"आणखी कोण येतं इथं?" खेमानं विचारलं.

"तुझा चुलतभाऊ. त्याचं मनगट सुजलंय. तुझ्यासारखा खंबीर व्हायचं म्हणतो. यंदा त्याच्या बहिणीचा नवरा उतरणार आहे ना?"

खेमा एका खड्ड्याच्या काठावर बसला. मुळीचा अंमल उतरत होता. आधी तळहात पेटला, मग खांदा. आणि त्यांच्या मागोमाग जी जी दुखणी त्यानं वर्षानुवर्षं दाराबाहेर उभी केली होती, ती सगळी एकदम आत आली. बायकोची चिता आली. घोटा धरतोय म्हणणारा लखू आला. खेमा ओरडला. म्हाताऱ्या माणसासारखा, लहान पोरासारखा, जनावरासारखा ओरडला, आणि बराच वेळ ओरडत राहिला.

हुप्प्यानं त्याला थांबवलं नाही. ओरडणं संपल्यावर तो म्हणाला, "मला ऐकवून काय उपयोग? माझा काय नवरा मेलाय?"

खेमा घरी आला तेव्हा साळू भाकरी थापत होती. त्याचं तोंड बघून तिनं तवा उतरवला. तिनं विचारलं, जसं गावात सगळे विचारायचे तसंच, "कुठं दुखतंय?"

आणि खेमानं सांगितलं. खांदा कधी फाटला ते सांगितलं. घागर डाव्या हातात का होती ते सांगितलं. मुळीचं सांगितलं, खालून आलेले हिसके कळलेच नाहीत ते सांगितलं, आणि दोरावरचं रक्त आधी दुसऱ्याचं वाटलं, तेही सांगितलं. मधाचा तुकडा खाल्ल्याचं सांगताना त्याला बोलता येईना. तरी त्यानं सांगितलं, आणि गुणाही तीच मुळी नेतोय, तेही.

साळू ऐकून घेत राहिली. परातीतलं पीठ वाळून गेलं.

"हे तवा सांगायचं हुतंस, दादा," ती शेवटी म्हणाली. "तवा सांगितलं असतंस, तर आज मी तुझ्या घरात नसते."

खेमा विझलेल्या चुलीकडं बघत राहिला.

मग ती म्हणाली, "आणि मी बी बघितली हुती ती घागर. मी बी बोलले न्हाई. माहेरचा मान." हा शब्द ती थुंकल्यासारखा बोलली. "उद्या उतरायचा दिवस हाय. झाडाखाली जा. जे मला सांगितलंस ते समद्यांपुढं सांग."

"मला दगड मारतील, साळू."

"मारू देत. गुणाच्या बहिणीला तरी माझ्यासारखं भावाच्या दारात यायला नको."

दुसऱ्या दिवशी आंजनाखाली गाव जमलं. गुणा आणि त्याच्या बहिणीचा नवरा समोरासमोर उभे राहिले. "कुठं दुखतंय?" असं विचारून झालं. "कुठंच न्हाई," असं सांगून झालं. तेवढ्यात खेमा मधे येऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

कुणी दगड मारला नाही. दगड परवडला असता. काही बायका पदर तोंडाला लावून उठून गेल्या. ज्या आजानं त्याच्या हातावर मधाचा तुकडा ठेवला होता, तो म्हणाला, "आता सांगून काय मिळवलंस रे? झाकली मूठ सव्वा लाखाची हुती. तुझीबी आणि गावाचीबी."

खेमानं आपला हात पुढं केला. तळहात भरून येताना आकसला होता, बोटं वाकडी होऊन अर्धवट मिटली होती, उघडत नव्हती. "ह्याच झाकल्या मुठीतनं दाजी गेलं, आजा," तो म्हणाला.

गुणा मान खाली घालून उभा होता. त्यानं दोराकडं बघितलं, मग समोर उभ्या असलेल्या आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडं बघितलं. आणि तोंडातली मुळी थुंकली.

"माझं मनगट दुखतंय," गुणा म्हणाला. "लई दिवस झालं."

त्या वर्षी दोर गुणाच्या मावसभावानं धरला, आणि तो सुटला नाही. हात नवखा, म्हणून मध थोडाच निघाला, पावसाळा अर्धपोटी गेला, आणि गावानं त्याचं खापर खेमाच्या माथ्यावर फोडलं. गुणानं पुन्हा कधी खेमाचं तोंड बघितलं नाही. उघडं पाडणाऱ्याला कोण माफ करतं? गुणाच्या बहिणीचा नवरा म्हातारा होऊन अंथरुणावर मेला. पण जो माणूस पडलाच नाही, त्याच्यासाठी कुणी कुणाचे आभार मानत नाही. खेमाचेही मानले नाहीत. मात्र पुढं झाडाखाली विचारलं की कुणी कुणी खरं सांगू लागलं. सगळे नाहीत. पण कुणी कुणी.

खेमानं पुन्हा दोर धरला नाही. साळूनंही त्याचं घर सोडलं नाही, जाणार कुठं? तिनं त्याला माफ केलं का? तसं काही ती बोलली नाही. रोज सकाळी ती त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवायची आणि विचारायची, "कुठं दुखतंय?" तो सांगायचा. खांद्यात, तळहातात, नाहीतर लखूची आठवण आली म्हणून छातीत. ती ऐकून घ्यायची. बरं होईल, असं कधी म्हणायची नाही. कारण बरं होणार नव्हतं. पण त्या दिवशी जड घागर ती उचलायची, आणि तो गुरं वळायला जायचा.

मग तो विचारायचा, "आणि तुझं?"

तीही खरं सांगायची, रोज. काय सांगायची ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. पण ते ऐकताना खेमाला मुळीची फार आठवण यायची. आणि तरी तो उठून जायचा नाही. शेवटपर्यंत ऐकायचा.

तात्पर्य: सांगितल्यानं दुखणं जात नाही, पण लपवलेलं दुखणं दुसऱ्याचा जीव घेऊन जातं.